डेसिटाबिन आणि डीएनए कापणारी एन्झाइम्स : या चुका टाळा

ठाणे, वाशी आणि पनवेलच्या महाविद्यालयांतून एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी आमच्या प्रयोगशाळेत येणारे विद्यार्थी डेसिटाबिन वापरतात आणि त्याचा परिणाम डीएनए कापणाऱ्या एन्झाइम्सनी तपासतात, तेव्हा पहिली चूक हाताची नसते, समजुतीची असते. ल्युकेमियावरचे हे औषध कापणाऱ्या एन्झाइमला स्पर्शही करत नाही. विभाजन होणाऱ्या पेशीच्या डीएनएत ते सायटोसिनच्या (डीएनएच्या चार अक्षरांपैकी ‘सी’च्या) जागी बसते आणि सायटोसिनवर मिथाइल गट, म्हणजे एक छोटी रासायनिक खूण, जोडणाऱ्या डीएनएमटी-१ या एन्झाइमला तिथेच जखडून ठेवते, त्यामुळे नव्या प्रतींवरचे मिथाइल गट कमी होत जातात. शुद्ध केलेल्या डीएनएच्या नळीत औषध मिसळून कापणीत फरक शोधणे म्हणूनच व्यर्थ आहे.

हपा-टू आणि एमएसपी-वन ही दोन्ही एन्झाइम्स सी-सी-जी-जी हाच क्रम ओळखतात. मात्र आतल्या सायटोसिनवर मिथाइल असेल तर हपा-टू अडते आणि एमएसपी-वन कापते. नुसते हपा-टू वापरून निष्कर्ष काढू नका.

सर्वाधिक फसगत कापणीनंतरच्या पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढताना, होते. मिथाइल गेले की हपा-टू डीएनए कापते, प्रती निघत नाहीत आणि जेलवर दिसणारा त्यांचा पट्टा नाहीसा होतो, हे खरे. पण डीएनए तुटलेला असला तरीही पट्टा नाहीसाच होतो. गेल्या पावसाळ्यात एका विद्यार्थिनीने असा कोरा जेल मोठ्या आनंदाने दाखवला, तेव्हा मी तिला न कापलेल्या नमुन्याचाही पीसीआर करायला सांगितले, आणि पट्टा तिथेही नव्हता. उलट कापणी अर्धवट राहिली तर पट्टा टिकतो आणि औषध निष्फळ ठरल्याचा भास होतो. लॅम्बडा या विषाणूच्या डीएनएवर हपा-टूची जागा मिथाइलमुक्त असते, त्यामुळे एन्झाइम ठीक आहे का, हे त्याच्यावर आधी तपासावे.

मात्रा वाढवली म्हणजे परिणाम वाढतो, हा समजही सोडावा. जास्त मात्रेने पेशींचे विभाजनच थांबते, आणि विभाजनाशिवाय मिथाइल उतरत नाही. एक मायक्रोमोलरच्या आसपासची किंवा त्याहून कमी मात्रा आणि साधारण ७२ तासांचा अवधी यांपासून सुरुवात करणे मला योग्य वाटते. औषध पाण्यात लवकर विघटित होते, म्हणून सोमवारी केलेले द्रावण बुधवारी वापरू नये. पेशींचे पोषक माध्यम रोज बदलावे आणि त्यात औषध रोज ताजे घालावे.