बाळाची पाण्याशी ओळख: पहिल्यांदा तलावात नेण्याआधीची तयारी

बाळाला तलावात न्यायचं ठरलं की बहुतेकांची पहिली खरेदी असते ती फुगवायच्या रिंगची. ती यादीत नसली तरी चालेल. सगळ्यांत वर लिहा मोकळा वेळ. बाळ पाण्यात असणार जेमतेम १० मिनिटं, पण कपडे बदलणं, काठावर बसून बघणं, अंग पुसणं, दूध पाजणं हे सगळं धरून दीड तास तरी हाताशी ठेवा. मोठ्यांना घाई असली की बाळाचं ‘आता पुरे’ त्यांच्या लक्षात येत नाही, आणि बाळाच्या कलानं घ्यायचं म्हणजे नेमकं तेच ओळखायचं असतं.

आधी बाळाची आणि आईची तब्येत पाहा. नाळ पडून बेंबी पूर्ण सुकलेली हवी. सगळ्या लसी होईपर्यंत थांबायची गरज नाही. मात्र बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल, फिट येत असतील, कानात नळी बसवलेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका. आई स्वतः पाण्यात उतरणार असेल तर बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबलेला आणि टाके भरलेले हवेत. सिझेरियन झालं असेल तर ६ आठवड्यांच्या तपासणीत विचारून घ्या. तोवर बाबांनी किंवा घरातल्या दुसऱ्या कोणी बाळाला घेऊन उतरायला काहीच हरकत नाही.

आमच्या मते बाळानं मान धरेपर्यंत, म्हणजे साधारण ४ ते ६ महिन्यांपर्यंत, तलावाची घाई करू नये. मान धरलेली नसली की मोठ्या माणसाचे दोन्ही हात डोकं सावरण्यातच गुंततात आणि बाळाला हातपाय हलवायला मोकळीक मिळत नाही. शिवाय बाळ जितकं लहान तितकं ते लवकर गार पडतं. वजनाच्या मानानं त्याच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठं असतं आणि थंडी वाजली तरी मोठ्यांसारखं कुडकुडून ऊब आणणं त्याला नीट जमत नाही.

अपेक्षाही आधीच ठरवून घ्या. वर्षाच्या आतल्या बाळाला पोहायला शिकवता येत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना पोहण्याचे धडे पहिल्या वाढदिवसानंतर सुरू करायला सांगते, कारण त्याआधीच्या वर्गांनी बुडण्याचा धोका कमी होतो असा पुरावा नाही. तोवर पाण्यात खेळायचं, पाण्याची सवय करायची, एवढंच. तान्ह्या बाळाच्या तोंडावर पाणी आलं की त्याचा श्वास आपोआप रोखला जातो आणि ते पाहून बाळाला उपजतच पोहता येतं असं लोकांना वाटतं. पण श्वास रोखला तरी पाणी गिळलं जातंच. जास्त पाणी पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. म्हणून बाळाला बुडी देणं हा प्रकार कोणी कितीही आग्रह केला तरी नको.

खरी तयारी घरच्या टबात होते आणि ती दोनतीन आठवडे आधी सुरू करावी. बाळाच्या अंघोळीचं पाणी ३७ ते ३८ अंश सेल्सिअस असतं, तर बाळांसाठी गरम ठेवलेल्या तलावाचं ३२च्या आसपास. हा पाचसहा अंशांचा फरक बाळाला एकदम झोंबतो आणि पहिल्या दिवशीच्या रडण्याचं कारण बऱ्याचदा तेवढंच असतं, पाण्याची भीती नव्हे. थर्मामीटर घ्या, कोपर बुडवून येणारा अंदाज इथे पुरत नाही. साबण-पाणी उरकलं की शेवटची ५ मिनिटं पाणी थोडं कोमट करून बाळाला नुसतं खेळू द्या. पहिल्या आठवड्यात ३६, पुढच्या आठवड्यात ३५ आणि मग ३४. खोली उबदार हवी आणि टॉवेल हाताशी. बाळ आक्रसलं, हनुवटी थरथरली तर आधीच्या आकड्यावर परत या.

त्याच ५ मिनिटांत पाणी ओतण्याचा सराव करायचा. छोटा पेला घ्या, त्यात अर्धा कप पाणी पुरे. पहिले काही दिवस फक्त हातावर आणि खांद्यावर ओता. मग पाठीवर, मग डोक्याच्या मागच्या बाजूला. दर वेळी शब्द तेच आणि चालही तीच ठेवा: बाळाचं नाव, ‘तयार?’, आणि मग ‘एक, दोन, तीन’. पाणी ‘तीन’नंतरच पडलं पाहिजे. कधी दोनला, कधी चारला ओतलं तर बाळाला त्यातून काहीच कळत नाही. काही दिवसांनी ‘तीन’ ऐकताच बाळ डोळे मिटतं किंवा ओठ बंद करतं. ही खूण दिसली की मगच टाळूवरून कपाळावर आणि चेहऱ्यावर क्षणभर बारीक धार सोडा. नंतर चेहरा घाईघाईनं पुसू नका, हसून बोला. आपण दचकून टॉवेल लावला तर काहीतरी वाईट घडलं असं बाळ समजतं. रडलं तर दोन पायऱ्या मागे, पुन्हा खांद्यावर. यात कोणाला चार दिवस लागतात, कोणाला महिना.

टबातच एका हातानं डोकं आणि दुसऱ्यानं कंबर तोलून बाळाला उताणं धरायचीही सवय करा. कान पाण्याखाली गेले की आवाज बदलतात आणि काही बाळं त्यानंच बिचकतात. अशा वेळी कान पाण्याच्या वरच ठेवून सुरुवात करा.

आता पिशवी. स्विम डायपर दोन तरी हवेत. नेहमीचा डायपर पाण्यात फुगून जड होतो, खाली घसरतो आणि कधी आतली जेल बाहेर येते. स्विम डायपरही शू अडवत नाही, शी तेवढी धरून ठेवतो, तीही घट्ट असेल तरच. जंतू तर तोही रोखत नाही. म्हणून मांडीशी आणि कंबरेशी नीट चिकटून बसणारा निवडा. बोट घातल्यावर फट राहत असेल तर माप मोठं आहे. बऱ्याच तलावांवर त्यावर निओप्रीनची, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या रबरी कापडाची, चड्डी घालायला सांगतात, ते योग्यच आहे. घरून निघताना साधा डायपर असू दे, स्विम डायपर तलावावर पोहोचल्यावर चढवा, नाहीतर वाटेतच गाडीची सीट ओली होईल. पोहण्याचा पोशाख भडक नारिंगी किंवा गुलाबी घ्या. निळा, पांढरा, करडा हे रंग पाण्याखाली दिसेनासे होतात. याशिवाय टोपीचे दोन टॉवेल, कोरडे कपडे, गरम टोपी, दूध, ओल्या कपड्यांची पिशवी आणि घरच्या टबातलं एखादं ओळखीचं खेळणं. तो ओतायचा पेलाही विसरू नका.

रिंग, दंडाचे फुगे, पाय घालून बसायची फुगीर सीट ही सगळी खेळणी आहेत, जीव वाचवायची साधनं नव्हेत. पायांची सीट उलटली की बाळाचं डोकं पाण्याखाली जातं आणि पाय वर अडकून राहतात. गळ्याभोवती बांधायचे फुगे तर घरातच आणू नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२२ साली त्यांच्याविरुद्ध इशारा दिला आहे. बाळ त्यातून निसटून बुडू शकतं आणि मानेवर ताण येतो. विशेष गरजा असलेल्या बाळांना त्यांचा धोका आणखी जास्त.

तलाव एकदा बाळाशिवाय जाऊन पाहून या. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर पाणी ३२ अंश हवं, मोठं असेल तरी ३०च्या खाली नको. पोहण्याच्या सरावाचे तलाव साधारण २६ ते २८ अंशांवर ठेवतात, ते बाळासाठी नाहीत. गरम पाण्याचे जकुझी तर मुळीच नाहीत. क्लोरीन दर दशलक्ष भागांत किमान १ भाग आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, ७.० ते ७.८ असावा. व्यवस्थापकाकडे नोंद मागा किंवा चाचणीच्या पट्ट्या घेऊन जा. डोळ्यांत झोंबणारा क्लोरीनचा उग्र वास हे स्वच्छतेचं लक्षण मानू नका. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग झाला की तो वास येतो, बंदिस्त जागेत तो छातीलाही त्रास देतो. तळ स्वच्छ दिसायला हवा आणि तळाच्या निचऱ्याची जाळी घट्ट बसलेली हवी. गर्दी कमी असलेली वेळ कोणती तेही विचारून ठेवा. उघडा तलाव असेल तर सावली कुठे पडते ते बघा, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट ऊन नको.

जायच्या दिवशी दूध पाजून अर्धा ते एक तास गेलेला असावा. भरल्या पोटी बाळ ओकतं, उपाशी असेल तर लगेच किरकिरतं. झोपेची वेळ टाळा. अंगाला तेल किंवा लोशन लावू नका, ओलं बाळ आधीच निसटतं. ताप, कान दुखणं, उघडी जखम असेल तर बेत पुढे ढकला. जुलाब असतील तर अजिबात नेऊ नका आणि ते क्रिप्टोस्पोरिडियममुळे झाले असतील तर थांबल्यावरही दोन आठवडे तलाव बंद, कारण हा जंतू क्लोरीनच्या पाण्यात कित्येक दिवस तग धरतो.

माणसं दोन हवीत. एकानं आधी पाण्यात उतरायचं, दुसऱ्यानं काठावर बसून बाळ त्याच्या हातात द्यायचं. बाळाला कडेवर घेऊन ओल्या शिडीनं उतरण्यात घसरून पडायची भीती असते. पाण्यातल्या माणसाचा हात कायम बाळाला लागलेला असावा आणि फोन पिशवीत. लहान मूल बुडताना आवाज होत नाही, आणि दोनेक इंच पाणीही त्याला पुरतं. बाळाचा सीपीआर, म्हणजे श्वास थांबल्यावर द्यायचा प्रथमोपचार, आधीच वर्गात जाऊन शिकून घ्या: तोंडानं श्वास देणं आणि छातीच्या मधोमध साधारण ४ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगानं दाब, दर ३० दाबांमागे २ श्वास. बुडण्याच्या प्रसंगात श्वास देणं वगळायचं नसतं. वाचून हे हातात बसत नाही.

पहिल्या दिवशी काठावर बसून बाळाचे पाय पाण्यात सोडा आणि बघू द्या. मग त्याला छातीशी धरून हळूहळू खाली बसा, खांदे पाण्यात येईपर्यंत. अर्धं अंग बाहेर राहिलं की वाऱ्यानं ते लवकर गारठतं. दोन्ही काखांत हात घालून, तोंड तुमच्याकडे, डोळ्यांना डोळे भिडतील इतक्या उंचीवर धरा. मग चालत मागे मागे सरका, पाणी स्वतःच त्याचे पाय उचलतं. मूठ उघडी, पाय मारणं, पाण्यावर थापटणं म्हणजे गडी रमलाय. मुठी आवळल्या, अंग ताठ झालं, मान वळवली, जांभया किंवा तुमच्या गळ्याला घट्ट मिठी म्हणजे पुरे झालं. तीन मिनिटांत झालं तर तीन मिनिटांत बाहेर. ओठ निळसर किंवा त्वचा ठिपकेदार दिसली, बाळ एकाएकी गप्प झालं तर एक क्षणही थांबू नका. सगळं छान चाललं असलं तरी पहिल्यांदा १० मिनिटं, मग हळूहळू वाढवत वर्षाच्या आत २० मिनिटांपर्यंत.

बाहेर आल्यावर आधी डोकं पुसून टोपी, मग कोमट पाण्यानं क्लोरीन धुऊन टाकणं, मग कोरडे कपडे. त्वचा कोरडी होत असेल तर लोशन आत्ता लावा. कान बाहेरून टिपा, आत काडी घालू नका. डायपर काठावर नाही, बदलण्याच्या खोलीत बदला. लगेच दूध द्या, भूक सपाटून लागते. पाण्यात धडपडून गुदमरल्यानंतर खोकला थांबत नसेल, श्वास जोरात चालत असेल, उलट्या किंवा विचित्र सुस्ती दिसली तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. घरी टब, बादली, फुगवायचा छोटा तलाव वापरून झाल्या झाल्या रिकामा करून पालथा घाला. पुढच्या वेळी मागे जिथे थांबलात त्याच्या एक पाऊल आधीपासून सुरुवात करा, आणि बाळ दोन वेळा सलग रडलं तर महिनाभर तलाव सोडून पुन्हा घरच्या टबात आणि पेल्याकडे वळा.