स्वयंपाकघरात खारट पाणी : एनआरव्ही उघडला तेव्हा

आमच्या नेरुळच्या सोसायटीत स्वयंपाकघराला महापालिकेची थेट लाइन, संडास-बाथरूमला बोअरची टाकी. मोरबे धरणाच्या पाण्याची चव जिभेवर बसलेली. त्यामुळे आई एका सकाळी म्हणाली, "पाणी मचूळ लागतंय रे," तेव्हा मी लगेच खाली गेलो.

मचूळपणा फक्त पाणी आल्यावरच्या पहिल्या एक-दोन बादल्यांना होता. यातच उत्तर होतं. पुरवठा बंद झाला की थेट लाइनमधला दाब जातो, बोअरच्या लाइनमध्ये मात्र टाकीचा दाब कायम. कधीतरी टंचाईत कुणीतरी दोन्ही लाइन जोडून मध्ये एनआरव्ही, म्हणजे पाणी उलट न येऊ देणारा एकदिशा व्हॉल्व्ह, बसवला होता. तोच गळत होता.

दोन्हीकडचे कॉक बंद करून त्याचं झाकण उघडलं. झडपेखाली टेफ्लॉन टेपचा चुरगळलेला तुकडा आणि नखाएवढी गंजाची खपली. रबरावर खोल चर पडलेली. जुन्या टूथब्रशने झडप टेकते ती बैठक घासली, रबर बदललं. मग पुरवठा बंद असताना दोन्हीकडचे कॉक उघडून थेट लाइनचा तळमजल्याचा नळ अर्धा तास सोडून ठेवला. एक थेंब नाही.

तरी माझं मन मानेना. पिण्याच्या पाण्याची राखण एकट्या झडपेवर सोडू नये. कचरा पुन्हा अडकणारच. प्लंबरकाकांकडून तो जोडच कापून घेतला, दोन्ही तोंडांना डमी, म्हणजे कायमची बुचं, मारली. आता टंचाईत महापालिकेचं पाणी बोअरच्या टाकीत वरून पडतं. पाइपाचं तोंड टाकीच्या काठाच्या वर, पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट अंतरावर, म्हणजे टाकीतलं पाणी उलट पाइपात चढत नाही. लाइन धुऊन होईपर्यंत सगळ्यांनी पाणी उकळून प्यायलं.