पॅन-मास चॅलेंजची तयारी: आधी वर्गणी, मग पाय

कॅन्सर संशोधनासाठी पैसे जमवणाऱ्या पॅन-मास चॅलेंज या सायकल राइडमध्ये ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्ब्रिजहून सायकलवर निघून केप कॉडच्या टोकाला, प्रॉव्हिन्सटाउनला पोचायचं ठरवलं असेल, तर सायकलीकडे नंतर बघा, आधी पैशांचं बघा. बॉस्टनच्या आसपासची आपली मंडळी सरावाला कमी पडत नाहीत, मागायला लाजतात. १९८० साली बिली स्टारने ३६ जणांना घेऊन ही राइड सुरू केली, तेव्हा १०,२०० डॉलर जमले होते. त्याची आई कॅन्सरने गेली होती. आता हजारो सायकलस्वार येतात आणि त्यांनी जमवलेला प्रत्येक डॉलर बॉस्टनच्या डेना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटला जातो. नोंदणी करताना जो मार्ग निवडाल त्यानुसार ठरावीक रक्कम जमवायचं वचन द्यावं लागतं. पूर्ण दोन दिवसांसाठी ती हजारोंत असते आणि कमी पडली तर उरलेली तुमच्याच क्रेडिट कार्डावरून वळती होते. म्हणून मार्ग निवडताना मांड्यांची ताकद आणि ओळखीपाळखीची यादी, दोन्ही समोर ठेवा. पहिल्या वर्षी एका दिवसाचा छोटा मार्ग घेतलात तर कोणी नाव ठेवणार नाही.

ही यादी थंडी सरायच्या आत कागदावर उतरवा. ऑफिसातले, मंडळातले, मुलांच्या शाळेतले पालक, जुने शेजारी, सगळे. गणपतीची वर्गणी मागताना आपल्याला कधी संकोच वाटत नाही, तोच सूर इथेही ठेवा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नुसती लिंक टाकली की चार नमस्कार येतात, पैसे येत नाहीत. प्रत्येकाला नावानिशी पत्र लिहा आणि त्यात रक्कम सुचवा. आपल्या लोकांसाठी एक गोष्ट त्यात जरूर घाला. १९४७-४८ मध्ये डॉ. सिडनी फार्बर (संस्थेच्या नावातले फार्बर ते हेच) यांनी बॉस्टनमध्ये ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन नावाचं औषध दिलं. १६ पैकी १० मुलांमध्ये आजाराने काही काळ का होईना, पण माघार घेतली. ते लेडर्ली या औषध कंपनीत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या रसायनशास्त्रज्ञांनी बनवलं होतं. ज्या संस्थेसाठी आपण पैसे मागतो, तिच्या मुळाशी एका भारतीयाचे श्रम आहेत, हे निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. कळलं की हात खिशाकडे जातो.

‘देतो रे’ म्हणणाऱ्याला दोनदा आठवण करा, तिसऱ्यांदा नको. पैसे आले की त्याच दिवशी आभार माना, आणि ‘कुणाच्या नावाने चालवू?’ असं विचारा. बरेच स्वार आपल्या माणसांची नावं अंगावर किंवा सायकलीवर लावून निघतात. आलेली नावं एका पट्टीवर नीट मराठीत लिहून घ्या.

आता पाय. पहिला दिवस केप कॉडच्या तोंडाशी असलेल्या बोर्नपर्यंत सुमारे ११० मैलांचा, दुसरा पाऊणशे-ऐंशीचा. बर्फ असेतो घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) सराव करा, मार्च-एप्रिलमध्ये रस्त्यावर या. मिनिटमन बाइकवे हा सायकलमार्ग सुरुवातीला छान आहे, पण तो जवळजवळ सपाट. चढ हवे असतील तर डोव्हर-शेरबॉर्नकडचे रस्ते गाठा, कारण पहिल्या दिवसाचा पूर्वार्ध चढउतारांचा आहे आणि दुसऱ्या दिवशी शेवटाकडे ट्रुरोच्या टेकड्या उभ्याच असतात. जुलैच्या मध्यापर्यंत सत्तर-ऐंशी मैलांची एखादी लांब राइड व्हावी आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा चाळीसेक मैल. आदल्या दिवशीच्या दुखऱ्या बुडाने सीटवर बसणं हाच खरा सराव. गटात चालवायचीही सवय करा: वळताना हात दाखवणं, खड्डा दिसला की मागच्याला ओरडून सांगणं. हेडफोन घरीच ठेवा.

सायकल दुकानात जूनमध्येच द्या, जुलैअखेर तिथे रांग लागते. ब्रेक पॅड, चेन, टायर बदलून घ्या. नवी सीट किंवा नवे बूट शेवटच्या आठवड्यात अजिबात नको. दोन ट्यूब, टायर लिव्हर आणि पंप सोबत हवेतच, आणि मागच्या चाकाचं पंक्चर स्वतः काढता आलं पाहिजे. पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत काही घालत नाहीत, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. घासून कातडी सोलू नये म्हणून मलम लावायला कंजुषी करू नका.

थांब्यांवर खायला भरपूर असतं, शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. तरी खिशात शेंगदाण्याची चिक्की असू द्या. ऑगस्टच्या दमट उन्हात चॉकलेट वितळतं, चिक्की टिकते. तहान लागायची वाट न पाहता घोट घोट पीत राहा आणि पाण्यात मीठ-साखरेची पूड मिसळा. पाऊस आला तरी राइड होते, तेव्हा पातळ जाकीट घ्या.

बोर्नला मुक्कामाची बॅग ट्रकने पुढे जाते. तिच्यात कोरडे कपडे, चार्जर आणि कानात घालायचे बोळे ठेवा, कारण वसतिगृहात किंवा तंबूत शेजारचा घोरणारच. शनिवारी तिथे कॅन्सरमधून बरे झालेले स्वार आणि स्वयंसेवक एकत्र जमतात, तेव्हा आडवे व्हायची घाई करू नका. त्याआधी लेकव्हिलच्या थांब्यावर उपचार घेणाऱ्या मुलांचे फोटो लावलेले दिसतील. वेळेचा हिशेब करताना तिथली दहा मिनिटं धरून ठेवा, सगळेच थांबतात. रविवारी बोर्न ब्रिज भल्या पहाटे ओलांडावा लागतो, म्हणून पुढचा-मागचा दिवा चार्ज केलेला हवा.

परतीची फेरीबोट किंवा बस आधीच नोंदवा. घरच्यांनी गाडीने न्यायला यायचं ठरवलं असेल तर त्यांना समजवा, कारण ऑगस्टमधल्या रविवारी संध्याकाळी केप कॉडहून बाहेर पडणारी वाहतूक सायकलीपेक्षा हळू चालते.

सोमवारी पाय दुखत असतानाच फोटो पाठवा. ज्यांनी आधी टाळलं होतं, ते आता देतात. आणि ज्यांच्या कंपन्या देणगीइतकीच भर घालतात त्यांना तो अर्ज लगेच भरायला लावा. सप्टेंबरात सगळे गणपतीत आणि शाळांत गुंतलेले असतात, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तुमच्या कार्डाची वेळ येते.