या चुका टाळा: नाला भरण्याआधी बाळंतपणाची तयारी

जून लागला की गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला एकच घाई उडते. कुठल्या गावात कोण अवघडलेली आहे, याद्या काढा! खरं तर तोवर उशीर झालेला असतो. पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं की भामरागडचा संपर्क तुटतो, हे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. त्याच्याही आतल्या गावांना पूर लागत नाही, भरलेला एक नाला पुरतो. मग खाटेची कावड करून बाईला आणायचं, आणि फोटो छापून आला की सगळ्यांनी हळहळायचं.

पहिली चूक ही तारखेची. साधा हिशेब करून बघा. १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात जिची तारीख आहे, तिची शेवटची पाळी साधारण २४ सप्टेंबर ते २४ डिसेंबरच्या दरम्यान आलेली असते. नोंदणी १२ आठवड्यांच्या आत व्हावी, असा नियम आहे. म्हणजे पावसाळ्यात बाळंत होणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाईचं नाव मार्चअखेर वहीत असायला हवं. मार्चमध्ये रस्ते कोरडे असतात, नाल्यातून मोटारसायकल जाते. जूनमध्ये नवी नावं सापडत असतील तर पावसाला दोष देऊ नका, नोंदणी कुठे अडली ते शोधा.

‘बाईला तारीख आठवत नाही’ ही तक्रार नेहमीची. कॅलेंडरची तारीख विचारली तर आठवणार कशी? धानकापणी चालू होती का, दिवाळी झाली होती का, असं विचारा. पंधरा दिवसांचा फरक पडेल, पण पावसाळ्याच्या यादीला तेवढं चालतं.

त्या यादीत आणखी एक रकाना आखा: वाटेत कुठला नाला लागतो. रक्त कमी, रक्तदाब जास्त, आधीचं सिझेरियन, अशा बायांपुढे ‘जोखमीची माता’ म्हणून खूण होते, आणि ती हवीच. पण बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव धडधाकट बाईलाही होतो, आणि तो थांबला नाही तर हातात दोन-चार तासही नसतात. नाल्यापलीकडची प्रत्येक बाई जोखमीची, एवढं धरून चालावं.

तिला तारखेच्या काही दिवस आधी आणून ठेवता यावं म्हणून आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ माहेरघरं आहेत. ती रिकामी राहिली की ‘लोक अडाणी आहेत’ म्हणून मोकळं होणं, ही दुसरी चूक. जुलै-ऑगस्टला धानाची रोवणी असते. घरात दोन लहान पोरं, कोंबड्या, आणि रोवणीला हात कमी. ती कोणाच्या भरवशावर निघेल? तिच्या नवऱ्याशी आणि सासूशी बोलणं रोवणीच्या आधी व्हावं, माडिया ही इथल्या आदिवासींची बोली बोलणाऱ्या माणसानं करावं, आणि लहान पोराला सोबत आणता येईल हे पहिल्या वाक्यात सांगावं. गावात उपचार करणाऱ्या पुजाऱ्याला टाळू नका. घरचे आधी त्यालाच विचारणार आहेत.

औषधांचं थोडक्यात. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांतच ठेवायचं. वीज दोन दिवस गेली असेल तर त्या कुपीवर विसंबू नका. त्याच कामाच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना फ्रिज लागत नाही, म्हणून घरी बाळंतपण होण्याची शक्यता असलेल्या गावांत पावसाआधी त्या प्रशिक्षित हातात असाव्यात: बाळ जन्मल्यावर, पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करून, ६०० मायक्रोग्रॅम. आणि हा मलेरियाचा मुलूख आहे. गरोदर बाईला प्रायमाक्विन हे मलेरियाचं औषध द्यायचं नाही, हे नव्या कर्मचाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा.

नवजात बाळाच्या घरभेटींची पद्धत मुळात याच जिल्ह्यातली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत तिचा प्रयोग केला आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. आज आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. इथली चूक कागदावर दिसते. वहीत दहापैकी सात बाळांचं वजन बरोबर २.५ किलो असेल, तर काटा तरी बिघडला आहे किंवा भेट तरी झालेली नाही. आशाताईवर ओरडण्याआधी एक लिटर पाणी मोजून भरलेली बाटली काट्याला लावा. किलोच्या किंचित वर दाखवायला हवं. बऱ्याचदा दोष काट्याचाच निघतो, आणि आपण भलत्याच माणसाला बोललेलो असतो.

राहिलं कुटुंब नियोजन. इथे आपल्या डोक्यात अजून नसबंदीची शस्त्रक्रिया आणि शिबिरच बसलेलं आहे. शेजारच्या छत्तीसगडमध्ये, बिलासपूर जिल्ह्यात, नोव्हेंबर २०१४ च्या शिबिरांनंतर डझनाहून जास्त बाया दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. तरी ‘दोन पोरं झाली, आता ऑपरेशन’ एवढाच सल्ला देणारे भेटतातच. प्रसूतीनंतर ४८ तासांत तांबी बसवता येते. छाया ही गर्भनिरोधक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा घ्यायची असते. ती माला-एन या रोजच्या गोळीसारखी रोज घेणाऱ्या बाया आहेत, कारण पाकीट देताना कुणी दोन मिनिटं बसलं नाही.

अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. पुढची तारीख ऐन पुरात येत असेल तर ते दोन आठवडे आधी देता येतं, आणि चुकलंच तर चार आठवड्यांपर्यंत उशिरा. पण अंतराबद्दल खरं बोलायचं राहतं ते वेगळंच. त्यानं सुरुवातीला अंगावरून अनियमित रक्त जाऊ शकतं. शहरातल्या बाईला तो त्रास वाटेल. माडिया गावात पाळीच्या दिवसांत बाईला कुर्माघरात राहावं लागतं, घराबाहेरच्या त्या झोपडीत, पावसात, सापाच्या भीतीत. तिथे चार थेंब म्हणजे आणखी चार रात्री. हे आधी न सांगता इंजेक्शन दिलं, तर ती दुसऱ्या डोसला येणार नाही, आणि वहीत आपण लिहिणार: ‘लाभार्थीने नकार दिला.’