एफजी खराब नाही! फंक्शन जनरेटर वापरताना या चुका टाळा

"सर, एफजी खराब आहे."

एफजी म्हणजे फंक्शन जनरेटर, सर्किट तपासायला साइन, स्क्वेअर असे सिग्नल देणारं यंत्र. डिप्लोमाच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये अठरा वर्षं झाली, हे वाक्य ऐकलं नाही असा प्रॅक्टिकलचा दिवस आठवत नाही. खरोखर बिघडलेले एफजी मात्र बोटांवर मोजण्याइतके निघाले. बाकी सगळा दोष नॉब फिरवणाऱ्या हातांचा.

सर्वात जास्त वेळ खातं ते ५० ओहमचं प्रकरण. एफजीच्या आउटपुटच्या आतल्या बाजूला ५० ओहमचा रोध असतो. डिजिटल एफजी सुरू केला की बहुतेक वेळा तो असं धरून चालतो, की बाहेरही ५० ओहमचाच लोड जोडलाय. आतले ५० आणि बाहेरचे ५० व्होल्टेज निम्मं निम्मं वाटून घेतात, म्हणून स्क्रीनवर १ व्होल्ट दाखवताना तो आत २ तयार करत असतो. तुम्ही जोडता सीआरओ, म्हणजे सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, ज्याचा इनपुट १ मेगाओहम. वाटेकरीच नाही, मग दोनच्या दोन व्होल्ट पडद्यावर.

दोन वर्षांपूर्वी एक हुशार मुलगा ७४१ या ऑप-ॲम्प आयसीचा इन्व्हर्टिंग ॲम्प्लिफायर (सिग्नल उलटा करून वाढवणारं सर्किट) घेऊन बसला होता. इनपुटला १ के (किलोओहम), फीडबॅकला १० के, म्हणजे गेन १०, सिग्नल दहापट. एफजीवर १०० मिलिव्होल्ट लावले, आउटपुटला १ व्होल्ट हवा होता, आले १.९. त्याने आयसी बदलला. मग दुसरा बदलला. ब्रेडबोर्डही बदलून झाला. इनपुटला प्रोब (सीआरओची मोजायची तार) लावून बघायचं काही सुचलं नाही, कारण "सर, स्क्रीनवर शंभर लिहिलंय ना!" शेवटी पठ्ठ्याने १० के ला समांतर आणखी एक १० के जोडला, आउटपुट ०.९५ वर आणलं आणि जर्नलमध्ये 'गेन १०, पडताळला' असं लिहून सही घ्यायला आला. मी फीडबॅकचे दोन रेझिस्टर बघितले आणि इनपुटला प्रोब लावायला सांगितलं. तिथे २०० मिलिव्होल्टला थोडे कमी होते. थोडे कमी का, तर १ के च्या इनपुटमुळे आतल्या ५० ओहमवर पाचेक टक्के पडतात. १.९ चा हिशेबही त्यातच सुटला. सर्किट पहिल्यापासून बरोबर होतं. उत्तर जुळवण्यासाठी त्याने ते बिघडवलं होतं, आणि या घाईचा मला खरा राग आहे.

उपाय: मेनूत आउटपुट लोड 'हाय झेड' (म्हणजे खूप मोठ्या रोधाचा लोड) करा. आतला ५० ओहम कुठे जात नाही, फक्त आकडा सांगायची रीत बदलते. आधीच्या बॅचने काय ठेवलंय याचा भरवसा नसतो, म्हणून मी तर स्क्रीनवरचा आकडा मानतच नाही. आधी सर्किटच्या इनपुटला सीआरओ, मग पुढचं. ॲम्प्लिट्यूडचा आकडाच न दाखवणारे जुने नॉबवाले एफजी मला म्हणूनच आवडतात. तिथे पोराला झक मारत सीआरओकडे बघावं लागतं.

याच ५० ओहममुळे एफजीवरून थेट ८ ओहमचा स्पीकर वाजवायला जाऊ नका. मोकळ्या आउटपुटला १० व्होल्ट असतील, तर स्पीकरवर जेमतेम १.४ उरतात.

आता ग्राउंड. ब्रिज रेक्टिफायरला (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडच्या सर्किटला) एफजीवरून साइन वेव्ह द्यायची, लोडवर प्रोब लावायचा आणि फुल वेव्हऐवजी हाफ वेव्ह बघत बसायचं, हा आमच्याकडे वार्षिक सोहळा आहे. मग चारही डायोड बदलले जातात. डायोड ठणठणीत असतात. सीआरओच्या प्रोबची काळी क्लिप मेन्सच्या अर्थिंगला जोडलेली असते आणि बऱ्याच एफजींच्या बीएनसीची, म्हणजे आउटपुटच्या गोल सॉकेटची, बाहेरची कडाही. काळी क्लिप लोडच्या खालच्या टोकाला लावली की ते टोक अर्थिंगमधून फिरून एफजीच्या ग्राउंडला जाऊन मिळतं आणि मधला एक डायोड शॉर्ट होतो. एका अर्ध्या सायकलला एफजी बिचारा थेट दुसऱ्या डायोडवर पडतो, मध्ये फक्त त्याचे स्वतःचे ५० ओहम.

यावर एका बॅचने शोधलेला शॉर्टकट म्हणजे सीआरओच्या थ्री-पिन प्लगला अर्थ नसलेला टू-पिन ॲडॅप्टर. वेव्हफॉर्म लगेच सुंदर आला. मी बटण बंद करून ॲडॅप्टर खिशात घातला आणि त्या टेबलाचं प्रॅक्टिकल त्या दिवशी तिथेच थांबवलं. अर्थिंग काढली की सीआरओची अख्खी बॉडी तुमच्या सर्किटच्या व्होल्टेजवर जाते, आणि आत लीकेज असेल तर मेन्सवरही. आज लोडवर १० व्होल्ट आहेत, उद्या हीच सवय घेऊन पोरगं २३० वर काम करेल. बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे: दोन्ही प्रोबच्या काळ्या क्लिपा एफजीच्या ग्राउंडलाच, लोडच्या एका टोकाला चॅनल १, दुसऱ्या टोकाला चॅनल २, आणि मॅथमध्ये वजाबाकी. नाहीतर मध्ये ट्रान्सफॉर्मर घाला. तुमच्या एफजीचं ग्राउंड अर्थला जोडलंय का, हे प्लग सॉकेटमधून काढून मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर कळतं: एक टोक बीएनसीच्या कडेला, दुसरं प्लगच्या जाड पिनला.

बाकीच्या चुकांना एवढा वेळ द्यायची गरज नाही. आउटपुटचं बटण दाबलंय का बघा, डिजिटल एफजी सुरू होताना आउटपुट बहुधा बंदच असतं. ॲम्प्लिट्यूड कितीही फिरवलं तरी ५ व्होल्टची स्क्वेअर वेव्ह हलत नसेल, तर केबल मुख्य आउटपुटऐवजी टीटीएल किंवा सिंकच्या (ठरावीक स्क्वेअर वेव्ह देणाऱ्या) सॉकेटला लागलीय. प्रोब १०एक्सवर (सिग्नल दहावा भाग करणारी सेटिंग) आणि सीआरओ १एक्सवर असेल, तर सिग्नल दहापट लहान दिसणारच. ऑफसेटचा (सिग्नलमध्ये डीसी मिसळणारा) नॉब ओढलेला असेल, तर आत ढकला.

मायनस २० डीबीचं बटण व्होल्टेज दहावा भाग करतं, अशी दोन बटणं असतील आणि दोन्ही दाबली तर शंभरावा. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरला १० मिलिव्होल्ट हवे असतील, तर नॉब तळाला नेऊन केसभर केसभर फिरवत बसू नका. बटण दाबा आणि नॉब मध्यावर ठेवा. आणि ट्रान्झिस्टरच्या बेसला कपलिंग कपॅसिटरशिवाय (डीसी अडवणाऱ्या कपॅसिटरशिवाय) एफजी जोडलात, तर ५० ओहम बायसिंग, म्हणजे बेसचं ठरवलेलं डीसी व्होल्टेज, खाऊन टाकतील.

मल्टिमीटर साइन वेव्हच्या १० व्होल्ट पीक-टू-पीकचे (वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचे) साडेतीनच दाखवतो, तो आकडा आरएमएस, म्हणजे परिणामी व्होल्टेज आहे. स्वस्त मीटरवर २० किलोहर्ट्झ मोजू नका.

केबल सगळ्यात शेवटी तपासतात, खरं तर आधी तपासायला हवी. क्लिपेच्या तोंडाशी तार आतून तुटते, वरून कळत नाही. केबल सीआरओला लावा, ती जागा हलवा, ट्रेस नाचला की फेका. पूर्वी मी अशा केबलला गाठ मारून ड्रॉवरच्या कोपऱ्यात ठेवायचो. पोरं गाठ सोडवून तीच वापरायची. आता क्लिपाच कापून टाकतो.