सूर्यवाचक शब्दांचे मूळ कसे शोधावे

सूर्याच्या नावांचा माग काढायचा असेल, तर शब्दकोश उघडण्यापूर्वी गावातल्या जाणत्या माणसांचे बोलणे ऐकावे. वऱ्हाडात शेतावरची माणसे 'दिवस निघाला', 'दिवस बुडाला' असेच म्हणतात. 'सूर्योदय झाला' हे वाक्य बहुधा शाळेतून आलेले असते. 'आज लय तपन आहे' असे कानावर पडले, तर 'तपन' एवढाच शब्द न टिपता पूर्ण वाक्य, गावाचे नाव आणि बोलणाऱ्याचे अंदाजे वय लिहून ठेवावे, कारण अर्थ वाक्यातच सापडतो. येथे तपन म्हणजे रखरखते ऊन. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात मात्र तोच शब्द सूर्याच्या नावांत येतो. दोन्हींच्या मुळाशी 'तप्', म्हणजे तापणे, हा धातू, म्हणजे क्रियापदाचे मूळ रूप, आहे.

त्यानंतर शब्द संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला आहे की बोलण्यात झिजत आलेला आहे, हे ठरवावे. 'सूर्य' पहिल्या प्रकारचा आहे. 'ऊन' दुसऱ्या प्रकारचा असून 'उष्ण' आणि प्राकृतातील 'उण्ह' या वाटेने तो आला. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होत असल्याने 'उन्हाया' हा शब्द आधी 'उन्हाळा' असा वाचावा आणि मगच 'उष्णकाल' या रूपाकडे जावे. 'ऐतवार', म्हणजे रविवार, हा अशाच झिजेने 'आदित्यवार' यापासून झाला.

खरी कसोटी 'सूर्य' या शब्दाशी लागते. यास्क या प्राचीन पंडिताने वैदिक शब्दांची मुळे सांगणाऱ्या 'निरुक्त' या ग्रंथात तो 'सृ' म्हणजे सरकणे, 'सू' म्हणजे प्रेरणा देणे अशा धातूंशी जोडला आहे; ही फोड अर्थाच्या दृष्टीने सुरेख असली, तरी तुलनात्मक भाषाशास्त्र त्याचे नाते वैदिक 'स्वर्', म्हणजे सूर्य किंवा प्रकाश, या शब्दाशी लावते. इराणी भाषांत 'स'चा 'ह' होतो, जसा 'सप्त'चा 'हप्त'; म्हणून अवेस्ता या पारशी धर्माच्या प्राचीन ग्रंथात 'ह्वर' आढळतो आणि त्यातूनच फारसी 'खुर्शीद' निघतो. ग्रीक 'हेलिओस' आणि लॅटिन 'सोल' याच कुळातले आहेत, त्यामुळे आपल्या शेतातल्या सोलर पंपाच्या नावातही सूर्याचा सगोत्र शब्द बसलेला आहे.

केवळ उच्चार जुळतो म्हणून नाते मानू नये. गाण्यातला 'सूर' हा 'सूर्य' शब्दाच्या कितीही जवळचा वाटला, तरी तो नाद या अर्थाच्या 'स्वर' शब्दापासून आला आहे आणि त्याचा धातू वेगळा आहे. अशी शंका आली की कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा मराठी व्युत्पत्ति कोश पाहावा आणि तोच ध्वनिबदल आणखी दोन-चार शब्दांत दिसतो का, हे पडताळावे.