‘सर्व्हर बदला’ म्हणण्याआधी : आयटी ऑडिटमधल्या या चुका टाळा

‘सिस्टिम स्लो आहे’ एवढं कानावर पडलं की बऱ्याच ऑडिटवाल्यांचा हात थेट कोटेशनकडे जातो. नवा सर्व्हर, जास्त स्पीडची लाइन, आणखी चार ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारे डबे). मोजायचं नंतर, म्हणजे बहुतेकदा नाहीच.

खरेदी आधी, मोजणी नंतर

सगळ्या चुकांची ही आई. थोड्याफार फरकाने सगळीकडे घडणारं एक प्रकरण बघा. अकाउंट्सच्या मजल्यावर तीस माणसं, आणि सकाळी दहाच्या सुमारास शेअर्ड फोल्डरमधली फाइल उघडायला पाऊण मिनिट. पहिला उपाय म्हणून इंटरनेटची लाइन दुप्पट केली. फरक शून्य. पडणार कसा? फाइल सर्व्हर त्याच इमारतीत. त्या ट्रॅफिकचा बाहेरच्या लाइनशी संबंधच नाही. मग सर्व्हरमध्ये रॅम वाढवली. पुन्हा शून्य. शेवटी कुणीतरी स्विचमध्ये (केबलने मशीन एकमेकांना जोडणारा डबा) लॉगिन करून पाहिलं, तर दोन मजले जोडणारा पोर्ट १ गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर चाललेला.

केबलमधल्या चारपैकी एक जोडी तुटली होती. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. त्यामुळे लिंक पडत नाही, दिवा लुकलुकत राहतो आणि स्विच गुपचूप खालच्या स्पीडवर उतरतो. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला जेमतेम १२ मेगाबाइट. ५० मेगाबाइटची एक्सेल फाइल एकट्याने उघडली तर चारेक सेकंद. दहा जणांनी एकदम उघडली तर चाळीस. दुपारी चार वाजता निवांत चाचणी घेणाऱ्याला अर्थातच ‘सगळं ठीक’ दिसतं.

म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी स्विचचे पोर्ट : स्पीड, डुप्लेक्स (डेटा दोन्ही दिशांनी एकाच वेळी जातो, म्हणजे फुल, की आळीपाळीने, म्हणजे हाफ) आणि सीआरसी एरर (वाटेत खराब झालेल्या डेटाची मोजणी). एररचा एकूण आकडा बघून घाबरू नका, तो वर्षभराचा साठलेला असू शकतो. टिपून ठेवा, तासाभराने पुन्हा बघा. वाढत असेल तर केबल किंवा पोर्ट खराब. एका टोकाला ‘१०० फुल’ हाताने ठोकून ठेवलंय आणि दुसरं टोक ऑटोवर असेल, तर ऑटोवालं हाफ डुप्लेक्सवर जातं. पिंग (पलीकडचं मशीन उत्तर देतं का, याची छोटी चाचणी) छान येतो, मोठी फाइल मात्र रांगते. त्यानंतर दोन मशीनमध्ये आयपर्फ (लिंकचा खरा स्पीड मोजणारं टूल) चालवा. निरोगी गिगाबिट लिंकवर ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा येतो. ९४ आला तर वाटेत कुठेतरी १०० चा तुकडा आहे. मग सर्व्हरच्या डिस्कची लेटन्सी, म्हणजे उत्तर द्यायला लागणारा वेळ (सतत २० मिलिसेकंदांच्या वर असेल तर रोग तिथे), आणि सगळ्यात शेवटी सीपीयू-रॅम. लोक नेमकं उलटं करतात, कारण टास्क मॅनेजर उघडायला सोपा असतो.

सरासरीवर भिस्त

पाच मिनिटांच्या सरासरीचा आलेख ‘४० टक्के वापर’ दाखवतो. त्यातली वीस सेकंद लाइन पूर्ण भरलेली होती, हे त्यात दिसत नाही. तक्रार नेमकी त्या वीस सेकंदांची असते. दर दहा सेकंदांनी नोंद घ्या, किमान एक पूर्ण आठवडा, आणि त्यात महिनाअखेर आलीच पाहिजे. एका दिवसात ऑडिट उरकणाऱ्यांनी अहवालावर ‘अंदाज’ असं लिहावं.

डीएनएस कुणी बघतच नाही

मशीनच्या सेटिंगमधल्या यादीतला पहिला डीएनएस सर्व्हर (नावावरून मशीनचा पत्ता सांगणारा) कधीच बंद झालेला, दुसरा चालू. सगळं चालतं, पण अडखळत. लिनक्स मशीन मूळ सेटिंगमध्ये पहिल्याची ५ सेकंद वाट बघतं, मग दुसऱ्याकडे जातं. दोष मात्र ॲप्लिकेशनवर जातो.

वाय-फायचं एका ओळीत : २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. पूर्ण पॉवरवर आणखी ॲक्सेस पॉइंट लावले की गोंगाट वाढतो, स्पीड नाही.

ॲप्सची यादी म्हणजे टीमवर्कचं ऑडिट नव्हे

‘चॅट आहे, व्हिडिओ मीटिंग आहे, क्लाउड ड्राइव्ह आहे’ असं लिहून पान भरतं, कळत काहीच नाही. त्यापेक्षा गेल्या आठवड्यात बाहेर गेलेलं एकच कोटेशन घ्या आणि त्याचा माग काढा. कुणी बनवलं, किती प्रती झाल्या, कुठून कुठे मेल झालं, कोण कशासाठी थांबलं. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नक्की’ अशा फाइली सापडल्या की लोकांना शिस्त नाही म्हणून मोकळं होऊ नका. बहुतेक वेळा मूळ परमिशनमध्ये असतं. परचेसवाल्याला सेल्सच्या फोल्डरमध्ये फक्त वाचता येतं, म्हणून तो फाइल डाउनलोड करतो, बदलतो आणि मेल करतो. करणार काय?

इथली ठरलेली चूक : विंडोज शेअरवर एनटीएफएस परमिशन (डिस्कवरच्या फाइल-फोल्डरची) बघून ‘हक्क दिलेले आहेत’ असा शेरा मारणं. नेटवर्कवरून येणाऱ्याला शेअर परमिशनही (फोल्डर शेअर करताना दिलेली) लागू होते आणि दोघींपैकी जी कडक ती चालते. दोन्ही टॅब उघडा. हक्क व्यक्तीच्या नावावर देऊ नका, ग्रुपला द्या. नाहीतर बदली झालेला माणूस जुने हक्क घेऊन फिरतो आणि नवा आठवडाभर आयटीकडे टाकलेल्या तिकिटाची वाट बघतो. प्रत्येक फोल्डरला त्या विभागातलाच एक मालक हवा. आयटीने ते ओझं घेऊ नये. चालू खात्यांची यादी एचआरच्या यादीशी जुळवा.

मीटिंगमध्ये आवाज तुटत असेल तर घरून काम करणाऱ्यांचा व्हिडिओ व्हीपीएनमधून (ऑफिसशी जोडणारी सुरक्षित वाट) आधी ऑफिसात आणि मग बाहेर असा वळसा घेतोय का, ते बघा. बोलण्यासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत हवा. तो ट्रॅफिक व्हीपीएनबाहेर काढला की बरेचदा भागतं, पण सिक्युरिटीवाल्यांना विचारून.

बॅकअपचा हिरवा टिक म्हणजे पुरावा नाही. एक फोल्डर खरोखर रिस्टोअर करा आणि किती वेळ लागला ते लिहा.

दुरुस्तीनंतर तीच चाचणी, त्याच वेळी, त्याच मशीनवरून पुन्हा घ्या. दोन बदल एकाच रात्री करू नका. सकाळी फरक पडला तर कशाने पडला ते कळणार नाही, आणि बिघडलं तर काय मागे घ्यायचं तेही.